तुम्ही विचारलंत म्हणून: होय, स्वस्तातलाच रंग

"एवढी जुनी फोक्सवॅगन बीटल, आणि रंग असल्या दुकानात?" गाडी कुठेही उभी केली की हा प्रश्न येतोच. विचारणारा तोवर छतावरून बोट फिरवून मोकळा झालेला असतो.

तर ऐका. रंगकामात प्रत्यक्ष फवारणी थोडी. खरा वेळ जातो तो घासण्यात, सुटे भाग उतरवण्यात, कागद-टेप लावण्यात. स्वस्त दुकान हात आखडतं ते तिथेच. हे मला ठाऊक होतं. फसवलं वगैरे कुणी नाही. शिवाय गाडी 1972 ची. साध्या रंगावर तेव्हा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, नसायचाच; म्हणजे नुसता रंग मारला यात काही चुकलं नाही. संत्र्याच्या सालीसारखा पोत आला होता, तो मी 1500 आणि 2000 नंबरच्या बारीक वॉटर पेपरने (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) घासून घालवला. खांदे आठवडाभर दुखत होते.

पण तुम्ही मडगार्डपाशी वाकलात की मी विषय बदलते.

बीटलची चारही मडगार्डं बोल्टवर असतात, आणि मडगार्ड न् बॉडीच्या मध्ये बीडिंगची पट्टी. रंगवताना मडगार्ड उतरवायचं, पट्टी नवी घालायची, ही रीत. गाडी आणायला गेले तेव्हा ट्यूबलाइटखाली ती झकास दिसत होती. मी सहज बीडिंगवर नख फिरवलं. पापुद्रा उठला. ओढला, तर वीतभर रंग सापाच्या कातीसारखा हातात आला, आणि खाली तीच जुनी, भेगाळलेली काळी पट्टी. मी पेंटरवर अशी काही भडकले की शेजारची पोरं काम थांबवून बघायला लागली. तो फडक्याला हात पुसत उभा. म्हणाला, "ताई, मी विचारलं होतं, उतरवू का म्हणून. तुम्हीच नको म्हणालात."

विचारलं होतं त्याने. फोनवर. गंजलेले बोल्ट मोडतील, काम वाढेल, पैसे वाढतील. मी म्हणाले, राहू दे, वरूनच मारा. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला दर वेळी "स्वस्तात हे असंच" एवढंच ऐकवत आले.

तेव्हाची मी लगेच भांडायला उठते: आधीच्या मालकाने महागातला रंग दिला होता ना? मग दाराखालच्या पत्र्यावर लोहचुंबक का चिकटत नव्हतं? वर लांबीचा (खड्डे बुजवायच्या पुटीचा) जाड थर, आत गंज. बरोबर आहे बाई, पण त्याने माझी पट्टी झाकली जात नाही. चांगल्या दुकानासाठी पैसे साठवत बसले असते, तर तोवर पत्रा खाल्ला गेला असता. की नसता? माझं उत्तर दिवसागणिक बदलतं.

नवी बीडिंग आणलीय. गुंडाळी मागच्या सीटवर पडून वर्ष होत आलं. परवाच्या रविवारी पाना लावला. पहिला बोल्ट जरासा कुरकुरला, आणि मी पाना काढून घेतला.