पॅकेज ४.२० लाख, हातात किती?

ऑफर लेटरवरचा आकडा बाराने भागून बजेट मांडलं की ते पहिल्याच महिन्यात कोलमडतं. ४,२०,००० म्हणजे महिना ३५,०००, पण कागदावर. बेसिक (मूळ पगार) निम्मा, म्हणजे १७,५०० धरा. कंपनीचा पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) बेसिकच्या १२ टक्के वाटा (२,१००) आणि ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या उपदानाची, ४.८१ टक्के तरतूद (८४२) बहुतेक ठिकाणी याच ३५,००० मध्ये धरलेली असते. वर तुमचा पीएफ २,१०० आणि व्यवसाय कर २००. खात्यात पडतात २९,७५८. फेब्रुवारीत आणखी शंभर कमी, कारण महाराष्ट्रात त्या महिन्याचा व्यवसाय कर ३०० असतो. व्हेरिएबल पे (कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग) हातात येईपर्यंत शून्यच समजा.

खरी ओढाताण पगाराआधीची. पुण्यात तिघांनी २४,००० चा टू-बीएचके घेतला, तर तीन महिन्यांचं डिपॉझिट, महिन्याचं भाडं दलालाला, एक आगाऊ: प्रत्येकी ४०,०००. त्यात महिनाअखेरीस रुजू झालात तर ते दिवस बऱ्याचदा पुढच्या पगारात जोडून मिळतात. ही रक्कम घरून घेतली असेल तर तिचीही परतफेड लिहून ठेवा.

आता महिन्याचं. भाडं ८,०००, डबा-नाश्ता ५,०००, लाइट-वायफाय-कामवाल्या मावशी १,२००, पेट्रोल-मोबाइल २,३००. झाले १६,५००. घरी ४,०००. दिवाळी, गावच्या फेऱ्या, लग्नातले आहेर, गाडीचा विमा हे 'अचानक' येत नाहीत, दरवर्षी येतात; वर्षाचे २४,००० धरून महिना २,००० बाजूला. बजेट मोडतं ते बहुधा इथेच, चहा-वडापावावर नाही.

उरले ७,२५८. त्यातले ४,५०० आरडीत (बँकेच्या आवर्ती ठेवीत), हाच आपत्कालीन निधी: अकरा महिन्यांत ४९,५००, म्हणजे नोकरी गेली तरी तीन महिन्यांचा वरचा १६,५०० चा ठरलेला खर्च निघतो. तोवर एसआयपीची (म्युच्युअल फंडातल्या दरमहा गुंतवणुकीची) घाई नको. आरडीची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची ठेवा; सुट्टीमुळे पगार लांबला की हप्ता चुकतो. राहिलेले २,७५८ दुसऱ्या खात्यात टाका आणि यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडा.

शैक्षणिक कर्ज असेल तर हे गणित बदलतं. हप्ते सुरू व्हायला सवलत असली तरी व्याज साधारणपणे आधीपासूनच चढत असतं, म्हणून आपत्कालीन निधी अर्धा झाला की निदान व्याज भरायला लागा. या व्याजावरची करवजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि या पगारावर तसाही कर बसत नाही.

नोकरी बदलताना पीएफ काढू नका, यूएएनवरून (नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकावरून) नव्या खात्यात वळवा. सलग पाच वर्षं होण्याआधी काढलेली रक्कम सहसा करपात्र ठरते.