घोड्यांपेक्षा त्यांचं खाणं मोठं : आमची वाटचाल

सगळ्यात आधी एक सांगून टाकते, कारण व्हॉट्सअॅपवर सारखं तेच विचारतात. आम्ही इंग्लंडात सीहॉर्स, म्हणजे समुद्रघोडे, वाढवून विकतो, पण ते भारतात पाठवत नाही. पुण्यात नाही, मुंबईत नाही, मामेभावाच्या मुलाच्या बर्थडेला तर अजिबातच नाही. भारतात 2001 पासून समुद्रघोडा वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधे आहे, म्हणजे कायद्याच्या नजरेत तो वाघाच्या पंक्तीला बसतो, त्यामुळे पाळणं, विकणं, वाळवलेला घोडा कीचेनमधे अडकवून मिरवणं, सगळाच गुन्हा. मी मूळची मालवणची. लहानपणी जाळ्यातून आलेले घोडे बंदरावर सुक्या म्हावऱ्यात पडलेले बघितलेत, तेव्हा त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. पाळायची वेळ मात्र इंग्लंडात लेस्टरला आल्यावर आली, जिथून समुद्र गाडीने दोन तास लांब आहे आणि टँकमधलं खारं पाणी बादलीत मीठ कालवून करावं लागतं. आता ते मीठ म्हणजे आपलं जेवणातलं नव्हे, अॅक्वेरियमचं वेगळं मिळतं, आणि ते कालवायचं आरओच्या पाण्यात, कारण इथलं नळाचं पाणी फार जड.

इथे पण नियम कमी नाहीत बरं का. ब्रिटनच्या किनाऱ्यावर दोन जातीचे घोडे सापडतात, आखूड नाकाचा आणि लांब नाकाचा, दोन्ही 2008 पासून संरक्षित, डॉर्सेटमधे स्टडलंड बे म्हणून जागा आहे तिथल्या समुद्री गवतात ते राहतात, त्यांना हात लावायचा नाही. आम्ही पाळतो ते वेगळे, अटलांटिकच्या पलीकडचे, हिपोकॅम्पस इरेक्टस आणि हिपोकॅम्पस रीडाय, आणि तेही टँकमधेच जन्मलेले, ज्यांचे आईबाप टँकमधे, आजीआजोबा टँकमधे. सगळेच सीहॉर्स 2004 पासून सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या यादीत आहेत, त्यामुळे जोडी कुठून आली त्याचा कागद लागतो. आमच्याकडे पहिल्या जोडीपासूनची फाईल आहे. नवरा म्हणतो आपल्या लग्नाचं सर्टिफिकेट सापडत नाही पण घोड्यांची वंशावळ तोंडपाठ आहे.

सुरुवात हौसेची होती, धंद्याचा विचारही नव्हता. मी हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमधे नोकरीला होते, नवरा घरोघरी बॉयलर आणि हीटिंगची कामं करायचा. आमच्याकडे आधीपासून रीफ टँक होता, कोरल, क्लाउनफिश वगैरे, पण घोडे त्यात चालत नाहीत. क्लाउनफिश एका मिनिटात सगळं खाणं फस्त करतो आणि घोडा आपला एक डोळा इकडे एक डोळा तिकडे करत समोरचा मायसिस, म्हणजे कोळंबीसारखा बारीक जीव, खावा की नको याचा विचार करत बसतो. म्हणून वेगळा टँक घेतला. उंच, कारण त्यांचा सगळा संसार उभ्या दिशेने चालतो, जोडी नाचताना शेपट्या गुंतवून वर वर जाते आणि उंची कमी पडली तर अंडी मादीकडून नराच्या पिशवीत जायच्या ऐवजी तळाशी सांडतात. आम्ही गिऱ्हाईकाला सांगतो की घोड्याची सरळ लांबी गुणिले तीन, एवढं पाणी उभं पाहिजे, 45 सेंटीमीटरच्या खाली तर बोलायचंच नाही. आणि तापमान 22 ते 24. लोकांना वाटतं ट्रॉपिकल मासा म्हणजे गरम पाणी, पण पाणी जितकं कोमट तितके व्हिब्रिओसारखे बॅक्टेरिया फोफावतात, हे मला लॅबमुळे लगेच पटलं, पण दुकानात हीटर विकणाऱ्याला अजून पटत नाही.

आता बाळंतपण. ते नराचं, हे सगळ्यांना शाळेत असल्यापासून माहीत असतं, पण बघणं वेगळं. मादी अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत घालते आणि मोकळी होते, पुढचे दोन-तीन आठवडे सगळं त्याच्याकडे. रोज सकाळी मात्र त्याला भेटायला येते, रंग उजळतो, दोघं शेपट्या गुंतवून थोडं फिरतात, मग ती आपल्या कोपऱ्यात परत. दिवस भरले की बहुतेक वेळा पहाटे-पहाटे तो शेपटीने दांडीला घट्ट धरून पोट आत-बाहेर दाबायला लागतो आणि एकेका कळेसरशी पिशवीच्या तोंडातून पिल्लांचा फवारा निघतो, शंभर, दोनशे, रीडाय असेल तर हजाराच्या वर पण. माझी आई तेव्हा आमच्याकडे आली होती, स्वेटरवर शाल, हातात चहा, बराच वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, "अगो, बापयो बाळंत झालो! बरा झाला, एकाक तरी कळूंदे." आणि तोच बापयो संध्याकाळपर्यंत परत मादीशी नाचत होता, त्यावर आईने जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

पिल्लं जन्मली की लोक फोटो टाकतात आणि अभिनंदनं घेतात, खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सुरू होते. बाप एवढं सगळं करतो पण पिशवीतून बाहेर पडलेल्या पोराकडे ढुंकूनही बघत नाही. आणि पिल्लू म्हणजे एक सेंटीमीटरचा घोडा, मोठ्याची हुबेहूब प्रत, पण त्याला पोट नाही. म्हणजे जठरच नाही, मोठ्यालाही नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यातून पुढे जातं, त्यामुळे सतत खाणं पाहिजे आणि ते हलणारं, जिवंत, त्याच्या नळीएवढ्या तोंडात मावणारं पाहिजे. रीडायची पिल्लं तर आणखी बारीक, पहिले काही दिवस त्यांना ब्राइन श्रिम्पचं, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाचं, पिल्लूसुद्धा मोठं पडतं, कॉपेपॉड किंवा रॉटिफर असे डोळ्याला जेमतेम दिसणारे पाण्यातले जीव द्यावे लागतात. वर ती प्रकाशाकडे ओढली जातात, पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटतात, हवा गिळतात आणि बुडबुड्यासारखी तरंगत मरतात. हे सगळ्यांकडे होतं. कितीही नीट करा, रीडायच्या बॅचमधली मूठभर वाचतात.

तरंगण्यावर उपाय आमच्या ह्याने काढला, म्हणजे शोध त्याचा नाही, सार्वजनिक अॅक्वेरियममधे जेलीफिशसाठी क्रायसेल नावाचे गोल टँक असतात, पाणी त्यात हळू गोल फिरत राहतं आणि कुणी कोपऱ्यात किंवा वर अडकत नाही. त्याने अॅक्रिलिकची शीट वाकवून घरीच केला, बॉयलरच्या कामातले उरलेले व्हॉल्व लावले, बाजूंना काळा कागद, पाण्यात हिरवं शेवाळ सोडलं म्हणजे प्रकाश सगळीकडून सारखा दिसतो आणि पिल्लं एका जागी गर्दी करत नाहीत. पहिला टँक गळायचा. पण पिल्लं वर चिकटायची थांबली.

खाण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि आमची कंपनी खरं म्हणजे तिथे सुरू झाली. कारण साधं गणित आहे: घोडे वाढवायचे तर कॉपेपॉड वाढवायचे, कॉपेपॉड वाढवायचे तर जिवंत शेवाळ वाढवायचं, शेवाळ वाढवायचं तर बाटल्या निर्जंतुक करायच्या, आणि हे सगळं मागून पुढे रोज चालू पाहिजे, मग घोड्याला पिल्लं झालेली असोत वा नसोत. गॅरेजमधे एका भिंतीला शेवाळाच्या बाटल्या, आयसोक्रायसिस तपकिरी, टेट्रासेल्मिस हिरवी, नॅनोक्लोरोप्सिस आणखी वेगळी हिरवी, सगळ्यात बुडबुडे चालू. दुसऱ्या भिंतीला कॉपेपॉडच्या टाक्या. रॉटिफर मात्र गॅरेजमधे नाहीत, ते घराच्या दुसऱ्या टोकाला, बाथरूमशेजारी, कारण रॉटिफरचा एक थेंब कॉपेपॉडमधे गेला की आठवड्याभरात टाकीभर रॉटिफरच रॉटिफर आणि कॉपेपॉड गायब. त्यामुळे गाळण्यांना रंग दिलेत. लाल रॉटिफरच्या, निळ्या कॉपेपॉडच्या, आणि लाल गाळणी हातात घेऊन गॅरेजमधे पाऊल टाकायचं नाही. पाहुण्यांना विचित्र वाटतं, मला अंघोळ केल्याशिवाय देवघरात न जाणारी माझी आजी आठवते.

ब्राइन श्रिम्पचं पण एक तंत्र आहे. ही अंडी अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येतात, वाळवलेली, डब्यात वर्षानुवर्षं राहतात आणि खाऱ्या पाण्यात टाकली की दिवसभरात फुटतात. पण टरफलांबरोबर हायड्रॉइडसारखी कीड टँकमधे येऊ शकते, आणि ती पिल्लांच्या टँकमधे वाढली की पिल्लांना डंख मारून मारते. म्हणून आधी अंडी भिजवायची, मग ब्लीचमधे ढवळत राहायचं. डोळे रंगावर ठेवायचे: तपकिरीचं राखाडी होतं, राखाडीचं पांढरं, आणि मग हळूहळू गाजराच्या हलव्यासारखा केशरी रंग चढतो. केशरी झालं रे झालं की लगेच गाळणीत ओतून थंड पाण्याखाली धरायचं आणि थायोसल्फेट टाकून ब्लीच मारायचं. अर्धा मिनिट उशीर झाला तर आतला जीव जातो. त्यावेळी फोन वाजला तर मी उचलत नाही, आईचा असला तरी.

तर झालं असं की आमच्याकडे कॉपेपॉड गरजेपेक्षा जास्त व्हायला लागले. रीफ टँकवाल्या लोकांना ते हवेच असतात, मँडरिन नावाचा एक देखणा मासा असतो तो दुसरं काही फारसं खातच नाही. ओळखीतल्या एकाला बाटली दिली, त्याने दुसऱ्याला सांगितलं, मग 2020 च्या लॉकडाऊनमधे लोक घरी बसून टँक घ्यायला लागले आणि बाटल्यांच्या ऑर्डरी एवढ्या आल्या की मी नोकरी अर्ध्या वेळेची केली. आजही आमच्या कंपनीचं भाडं, वीज, मिठाच्या गोणी, सगळं कॉपेपॉड आणि शेवाळाच्या बाटल्यांवर निघतं. घोडे आपला स्वतःचा खर्च कसाबसा काढतात. एका घोड्याचे आम्ही 70-80 पाउंड घेतो, ऐकणाऱ्याला जास्त वाटतात, पण तो घोडा चार महिने आमच्याकडे वाढलेला असतो, आधी दिवसातून तीन-चार वेळा जिवंत खाणं खाऊन, मग दीड-दोन महिन्याचा असल्यापासून थोडं थोडं करत फ्रोझन मायसिसवर आलेला असतो. ते फ्रोझनवर आणणं हीच आमच्या मालाची खरी किंमत. समुद्रातून धरलेला घोडा फ्रोझनला तोंड लावायला फार छळतो, बरोबर जंत, परजीवी घेऊन येतो, आणि घरच्या टँकमधे बहुतेक वेळा उपाशीच जातो.

लायसनचं पण सांगते, कारण हौशी लोक विचारतात. इंग्लंडमधे प्राणी विकायचा धंदा करायचा तर 2018 च्या नियमाप्रमाणे कौन्सिलचं लायसन लागतं, इन्स्पेक्टर येऊन बघतो आणि स्टार देतो, हॉटेलसारखे. आमच्याकडे आलेल्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा सीहॉर्सचं युनिट तपासलं होतं. त्यांच्याकडच्या फॉर्मवर कुत्रे, मांजरं, ससे, सगळ्यांचे रकाने. त्या फार नीट वागल्या, दोन तास बसल्या, रजिस्टर बघितलं, आजारी जनावर वेगळं कुठे ठेवता ते विचारलं. जाताना म्हणाल्या की नर कुठला ते दाखवा. पिशवी दाखवली तर खुश. त्या मानाने ब्रेक्झिट महागात पडलं. युरोपातले तीन-चार चांगले हौशी गिऱ्हाईक होते, 2021 पासून प्रत्येक जोडीला निर्यातीचं वेगळं परमिट, तिकडे आयातीचं वेगळं, तो खर्च आणि वेळ दोन घोड्यांपायी कोण करणार, बंद झालं ते.

आणि 2022 चा जुलै. 19 तारखेला लिंकनशायरमधे कोनिंग्सबीला 40.3 डिग्री झाले, ब्रिटनचा आजवरचा उच्चांक, आणि आम्ही तिथून काही फार लांब नाही. घरांना एसी नाही, गॅरेजला तर नाहीच. चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं मशीन, एकच होता, तो मोठ्या जोड्यांना लावलेला. बाकीच्यांसाठी टँकची झाकणं काढून पंखे सोडले, पाणी उडून गेलं की थंड होतं, माठाचंच तत्त्व, फक्त मग मीठ वाढतं म्हणून दर तासाला आरओचं गोडं पाणी भरत राहायचं. फ्रीझरमधे बाटल्या गोठवून टँकमधे सोडायच्या, पण एकदम नाही, तापमान झपकन पडलं तरी घोडा ताण घेतो. शेजारचे पंजाबी काका स्वतःच्या फ्रीझरमधले पराठे बाहेर काढून आमच्या बाटल्या ठेवून गेले. मोठे सगळे वाचले. कॉपेपॉडच्या दोन टाक्या गेल्या. त्याच हिवाळ्यात विजेचे दर असे चढले की हिशेबाची वही उघडायची भीती वाटायची, तेव्हा अर्धे टँक बंद केले आणि एका मोठ्या संपवर, म्हणजे खालच्या सामाईक पाण्याच्या टाकीवर, सगळे जोडले, एक पंप, एक चिलर. ते आधीच करायला हवं होतं असं नवरा म्हणतो, तो प्लंबिंगवाला आहे, त्याला प्रत्येक गोष्ट एका पाइपला जोडायची असते.

विकण्यापेक्षा नाही म्हणण्यात आमचा जास्त वेळ जातो. फोनवर माणूस म्हणतो की टँक परवाच भरला, शनिवारी घोडे घ्यायला येतो. नाही. टँक किमान काही महिने चाललेला पाहिजे, अमोनिया-नायट्राइट शून्य, आत ट्रिगरफिश नको, खेकडे नकोत, डंख मारणारी अॅनिमोन तर नकोच. मुलीला सरप्राइज द्यायचंय? नाही. सुट्टीत दोन आठवडे स्पेनला जाता तेव्हा खाणं कोण घालणार, ह्याला उत्तर नसेल तर नाही. कुरियरने घोडे पाठवत नाही, येऊन घेऊन जा, येताना जोडी खाताना बघा, तुमच्यासमोर फ्रोझन मायसिस टाकतो, टक् टक् असा नाकाने ओढल्याचा बारीक आवाज येतो तोही ऐका आणि मग पैसे द्या. काही जण चिडतात, नेटवर एक स्टार देतात. देऊ देत.

सध्या इरेक्टसच्या चार जोड्या तयार आहेत, दोन पिवळसर, दोन काळ्या, पण रंगावर जाऊ नका, तो तुमच्या टँकमधे बदलणार. रीडायची बॅच अजून लहान आहे, दिवाळीच्या आधी विचारू नका. टेट्रासेल्मिसच्या बाटल्या ह्या आठवड्यात नाहीत, पुढच्या सोमवारपासून निघतील. आणि येणार असाल तर रविवारी सकाळी अकराच्या नंतर या, त्याआधी अंडी ब्लीचमधे असतात.