तारेनं फसवलं, तेही वाइंडिंगवाल्याला

"तुयी गाडी पेऊन आली का बे?" बाबांनी धुऱ्यावरून विचारलं.

श्रावणातली उघाड होती. डवरणी नुकतीच झालेली, पऱ्हाटी गुडघ्याएवढी. चार फुटी तासातून माझी चारचाकी रोबोट गाडी सरळ पलीकडच्या धुऱ्यावर जायची होती. आठ-दहा फूट गेली, मग तिला काय वाटलं कोण जाणे, उजवीकडे वळून तुरीच्या ओळीत शिरली आणि एका ढेकळावर चढून आडवी झाली. चाकं हवेत गरगर. बाबांनी तंबाखू मळत एवढंच म्हटलं, की बैल असं करत नाही.

माझं दारव्हा रोडवर, फाट्याला मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेले मोटरपंप येतात, जुनी तार काढायची, नवी भरायची, वॉर्निश मारून वाळत घालायचं. सीझनला जेवायला सवड नसते, पावसाळ्यात मात्र माशा मारतो. त्या मोकळ्या महिन्यांत हा रोबोटचा नाद लागला. आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम चालवणारी छोटी पाटी), गिअरवाल्या चार मोटरी, त्यांना करंट देणारा मोटर ड्रायव्हर, आणि बॅटरी फवारणी पंपातली, १२ व्होल्टची. घरी कोणी विचारलं तर पंप दुरुस्तीला आलाय असं सांगतो.

कल आणि दिशा ओळखणारे सेन्सर कोणते घ्यावेत, हे मला अलीकडे दोन-तीन पोरांनी विचारलं. मी जे पैसे घालवले ते त्यांनी घालवू नयेत म्हणून लिहितो.

आधी गाडी उलटली की मोटरी बंद करायच्या, एवढंच हवं असेल, तर दहा-वीस रुपयांचा बॉल स्विच पुरतो. एसडब्ल्यू-५२०डी नावानं मिळतो. शेंगदाण्याएवढी धातूची डबी, कानाशी हलवली की आत छर्र वाजतं. आतल्या गोळ्या तळाशी टेकल्या की सर्किट जोडलं जातं, डबी कलली की तुटतं. किती कलली हे तो सांगत नाही. ढेकळांवरून जाताना गोळ्या नाचतात आणि गाडी उलटल्याची खोटी बोंब सेकंदाला दहादा होते. म्हणून प्रोग्रॅममध्ये सांगायचं, की सलग अर्धा सेकंद तुटलेला दिसला तरच मोटर बंद कर. माझ्या गाडीत तो अजून आहे. एवढ्या पैशात एवढं इमानदार काम करणारं दुसरं काही माझ्या दुकानात नाही.

किती अंश कलली हे पाहिजे असेल तर एमपीयू-६०५०. आत दोन यंत्रं, प्रवेगमापक (वेग किती झपाट्यानं बदलतो ते मोजणारा) आणि जायरो (वळणं मोजणारा). मॉड्यूल टेबलावर सपाट ठेवलं की २ जीच्या पट्ट्यावर (१ जी म्हणजे पृथ्वीची ओढ) झेड म्हणजे उभ्या अक्षाचा आकडा १६,३८४ च्या आसपास यायला पाहिजे. तेवढी ओढ पृथ्वीची. आकडा फारच भलता आला तर कोड तपासण्याआधी मॉड्यूल बदलून पाहा.

प्रवेगमापक म्हणजे गवंड्याचा ओळंबा समजा. घरात टांगला तर छान सरळ लोंबतो. तोच चालत्या बंडीत हातात धरून बसा, मग सांगा खाली कुठं आहे ते. गाडी हलली, थांबली, दगडाला आपटली, की त्याला सगळं कललेलं वाटतं. जायरोला हादऱ्यांचं फारसं काही नसतं. तो फक्त वळण्याचा वेग सांगतो, आपण बेरीज करत कोन काढायचा. पण बेरजेत बारीक चूक साचत जाते. लोडशेडिंगमध्ये डोळे मिटल्यासारखे घरात चालतो, पहिली चार पावलं अचूक पडतात, नंतर नडगी खाटेला लागते, तसंच. दोघांना एकत्र बसवायचं. दर वेळी नवा कोन काढताना ९८ टक्के जायरोचं ऐकायचं, २ टक्के ओळंब्याचं. दोन ओळींचं गणित आहे, लोक त्याला कॉम्प्लिमेंटरी फिल्टर म्हणतात. वावरात पुष्कळ झालं.

पण हा जोडीदारपणा पुढं-मागं आणि आजूबाजूच्या कलापुरताच. गाडीचं तोंड कोणत्या दिशेला आहे हे ओळंबा सांगूच शकत नाही, कारण जागच्या जागी गोल फिरलं तरी खाली ते खालीच. तिथं जायरो एकटा पडतो आणि मिनिटभरात भरकटतो. मग होकायंत्र लागतं.

होकायंत्राचं मॉड्यूल मी जीवाय-२७१ मागवलं. त्याच्या नावाखाली पूर्वी हनीवेलची एचएमसी५८८३एल चिप यायची. ती बनायची बंद झाली, आता त्याच हिरव्या-निळ्या पाटीवर बहुतेक वेळा क्यूएमसी५८८३एल बसवलेली येते. दिसायला सारखी, आतून वेगळी. आर्डुइनो ज्या नंबरनं चिपला हाक मारतो तो पत्ता पहिलीचा दशमानात ३०, दुसरीचा १३, आणि आतले माहितीचे कप्पेही वेगळे. मी तीन रात्री पहिल्या चिपची जुनी लायब्ररी (तयार कोड) घेऊन ३० नंबरच्या दारावर थापा मारत होतो. भिंग लावून पाहिलं तेव्हा चिपवर डीए५८८३ छापलेलं. एचएमसीवर एल८८३ असतं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "एकच आहे ते." एक नाही बाप्पा.

पुढं कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरची चूक मोजून काढून टाकणं. मॉड्यूल सगळ्या बाजूंनी हवेत फिरवायचं, प्रत्येक अक्षाचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा धरायचा, त्यांचा मध्य वजा करायचा. मी हे बसल्या बसल्या लोखंडी पलंगावर केलं, वर टिनाचं छत. अंगणात आल्यावर उत्तर दिशा तुळशीकडून गोठ्याकडे सरकलेली. दुसऱ्यांदा खळ्यावर जाऊन केलं, खिशातल्या किल्ल्या आणि पक्कड लांब ठेवून, आणि मॉड्यूल गाडीवर बसवून अख्खी गाडीच फिरवली. मोटरीतल्या चुंबकांचा हिशेबही त्यात येऊन जातो. गाडी साडेपाच किलोची, हात भरून आले.

कलण्याचाही होकायंत्रावर परिणाम होतो. चुंबकीय रेषा आडव्या नसतात, आपल्याकडे जमिनीत साधारण ३० अंशांनी घुसतात. गाडी १० अंश कलली, आणि वाईट बाजूला कलली, तर दिशा ५-६ अंशांनी चुकते. युरोपातल्या पोरांची तर अशा वेळी २०-२५ अंशांनी चुकते, कारण तिकडं त्या ६५-७० अंशांनी घुसतात. त्यांच्या व्हिडिओंत कल दुरुस्तीचा एवढा धोशा का असतो हे मला हे गणित मांडल्यावर कळलं. आपल्याला थोडी सूट आहे. तरी एमपीयू आहेच गाडीवर, तर दुरुस्ती करून टाकावी.

एवढं सगळं केलेली गाडी तुरीत शिरली होती.

मजा अशी, की उभी असताना ती अचूक दिशा दाखवायची. चालायला लागली की ४० अंश इकडं. मी सेन्सर बदलला. तरी तेच. मग नॅनो काढून दुसरा लावला. मग दोन हजारांच्या वर देऊन बॉशचा बीएनओ०५५ आणला, जो सगळं गणित आतच करून थेट अंश देतो. त्यानंही तोच वाकडेपणा दाखवला, फक्त जास्त आत्मविश्वासानं.

सुट्टीत आलेली दहावीतली भाची दुकानात बसून हे पाहत होती. तिच्याजवळ किचेनला लावलेलं छोटं होकायंत्र होतं. तिनं ते सहज गाडीवर ठेवलं, मी चाकं हवेत धरून मोटरी चालू केल्या, आणि ती म्हणाली, "मामा, सुई पाहा न."

सुई टुणकन फिरली होती. बरोबर तिच्याखालून बॅटरीची लाल तार ड्रायव्हरकडे जात होती. काळी तार दुसऱ्या बाजूनं.

तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा धडाच आहे. १८२० साली ओर्स्टेडला हेच दिसलं होतं, विजेच्या तारेजवळ सुई हलते. आणि मी, वीस वर्षं तार गुंडाळून चुंबक बनवणारा माणूस, त्या तारेपासून बोटभर अंतरावर होकायंत्र चिकटवून बसलो होतो! हिशेब केला तर हसू आलं. एका तारेतून २ ॲम्पिअर गेले तर १ सेंटिमीटरवर ४० मायक्रोटेस्ला होतात. आपल्या भागात पृथ्वीचं आडवं चुंबकत्वच जवळपास तेवढं आहे. म्हणजे माझी गाडी अर्धी पृथ्वीचं ऐकत होती, अर्धी फवारणी पंपाच्या बॅटरीचं.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा याच कारणानं अलिबागला आहे. आधी ती मोजमापं मुंबईत कुलाब्याला व्हायची. विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर १९०४ साली काम अलिबागला हलवलं. इंग्रजांना ट्रामचं आधी सुचलं, मला माझ्या लाल तारेचं नाही.

उपाय पन्नास रुपयांत झाला. लाल-काळी तार एकमेकींत पिळून टाकली, म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या करंटचं चुंबकत्व एकमेकांना मारतं. होकायंत्र फूटभर उंच पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर चढवलं. तिथं पोचेपर्यंत न पिळलेल्या तारेचाही परिणाम दोन अंशांवर येतो. स्क्रू पितळी, जुन्या मोटरच्या टर्मिनलचे. भाचीनं वर लाल रिबिन बांधली, म्हणे पऱ्हाटीत दिसली पाहिजे.

बीएनओ०५५ परत काढून ठेवलाय. वाईट नाही तो. आपलं कॅलिब्रेशन किती जमलं ते ० ते ३ असा नंबर देऊन सांगतो, आणि होकायंत्र बाजूला ठेवून नुसत्या जायरोवरही चालवता येतो. घरातल्या फरशीवर गाडी चालवणाऱ्यानं, ज्याच्या खाली स्लॅबची सळी आहे, त्यानं तोच घ्यावा आणि त्याच पद्धतीनं चालवावा. वावरात माझं दीडशे-दीडशेच्या दोन मॉड्यूलवर भागतं.

आता गाडी तासातून सरळ जाते. शेवटचे चार-पाच फूट सोडून. तिकडच्या धुऱ्याला डुकरांसाठी लोखंडी काटेरी तार आहे, ती जवळ आली की दिशा पुन्हा नाचायला लागते. तेवढ्यापुरतं होकायंत्र बंद करून जायरोवर सोडतो.

परवा बाबांना दाखवली. ती गेली, तारेजवळ जाऊन थांबली. बाबा बराच वेळ वाट पाहत उभे.

"आता थे वापस कशी येते?"

"मी जाऊन घेऊन येतो."

बाबांनी तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवली आणि चपला काढून वावरात उतरले. "राहू दे. मीच आणतो, त्याच बाजूनं ढोरं पाहून येतो."