तुम्ही विचारलंत म्हणून: चौथा प्रश्न

‘नागपुरातल्या जरीपटका वस्तीतल्या सिंधी निर्वासितांकडे दरवर्षी समाजकार्याचे विद्यार्थी नेता, पण त्या माणसांना त्यातून काय मिळते?’ हे सहकारी विचारतात, पालक विचारतात, आता वस्तीतलेही विचारू लागले आहेत. विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्याचे गुण मिळतात आणि मला शोधनिबंध मिळतो, एवढे आधीच कबूल करते.

२०२० च्या जानेवारीत नागरिकत्व दुरुस्ती कायदा नुकताच लागू झाला होता, आणि त्यातली नागरिकत्वाची वाट ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांपुरतीच होती. पाकिस्तानातून येऊन दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या एका बाईंसमोर माझी विद्यार्थिनी मुलाखत-अनुसूची घेऊन बसली होती. चौथा प्रश्न मीच घातलेला होता: भारतात कधी आलात? बाई थांबल्या. त्यांनी पलंगाखालून प्लॅस्टिकची पिशवी ओढली, पासपोर्ट, मुदतवाढीचे कागद, पोलिसांकडच्या नोंदणीच्या झेरॉक्स असे सारे एकेक करून सतरंजीवर मांडले आणि विचारले, “बेटा, ये कागज आगे कहाँ जाएगा?” विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिले. “कहीं नहीं, सिर्फ पढ़ाई के लिए है,” असे मी चटकन म्हणाले. बाईंनी मान हलवली, कागद होते त्याच क्रमाने पिशवीत भरले आणि चहा ठेवायला उठल्या. चहा आम्ही प्यायलो. पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा दार बंद होते आणि आत मिक्सर चालू होता.

संमतिपत्र वाचून दाखवले होते, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला ऐकवत असे. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे आमच्या पाठ्यपुस्तकातला निर्वासित सरकारी कागदावर परदेशी नागरिकच असतो. ज्याचे इथले राहणे दर वेळी कुणाच्या तरी सहीवर अवलंबून आहे, तो सही मागणाऱ्या पाहुण्याला नाही कसे म्हणणार, हे ‘लोकसहभागी संशोधन’ फळ्यावर लिहिताना मला सुचले नव्हते.

हल्ली पहिले दोन महिने आम्ही वही नेत नाही, आणि विषय तिथल्या बायका ठरवतात. गेल्या वर्षी त्यांनी व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात नेमके कुठे अडते ते शोधायला सांगितले. ही कारकुनी आहे, संशोधन नव्हे, अशी विद्यार्थ्यांची कुरकुर असते, आणि अर्ज भरता भरता संध्याकाळ झाली की मलाही तसेच वाटते.

ती विद्यार्थिनी मध्यंतरी भेटली. चौथा प्रश्न काढून टाकला, हे मी तिला जरा अभिमानानेच सांगितले. ती म्हणाली, “मॅडम, पण ज्यांना ती तारीख कुणाला तरी सांगायचीच होती, त्यांचं काय?” मी तिला चहा विचारला.