५६०० की १२४००एफ? कार्ड एक, बोर्ड दोन, वरून नागपूरचं ऊन

माझा जुना प्रोसेसर, एएमडीचा रायझन ५ २६००, अखेर उतरवला. त्याच बी४५० मदरबोर्डावर आता रायझन ५ ५६०० बसलाय. त्याच सुमारास पुतण्यासाठी इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ घेऊन बी६६० बोर्डावर नवा पीसी उभा केला. दोन्ही मशीन बरेच दिवस माझ्याच टेबलावर होती, ग्राफिक्स कार्ड मात्र एकच, माझं आरएक्स ६६००. इकडून काढायचं, तिकडे लावायचं, असं करत जे दिसलं ते इथे नोंदवून ठेवतोय. नुसतं 'कोणता घेऊ ते सांगा' म्हणणाऱ्यांसाठी आधीच सांगतो: खेळांत दोघं जवळपास बरोबरीत आहेत. पैसे वाचतात की वाया जातात ते बोर्ड आणि रॅम ठरवतात.

कागदावर दोघं जुळे वाटतात. दोन्हीकडे सहा कोअर, बारा थ्रेड, आणि कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ. दोघंही २०२२ चे. इंटेलचा जानेवारीत आला, एएमडीचा एप्रिलमध्ये. अमेरिकेत १२४००एफची सुरुवातीची किंमत १६७ डॉलर होती, ५६०० ची १९९. फरक आत आहे. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, १२४००एफमध्ये १८. पण इंटेलच्या प्रत्येक कोअरला १.२५ एमबी एल२, म्हणजे कोअरच्या आणखी जवळची कॅश, मिळते, एएमडीच्या कोअरला अर्धा एमबी. शिवाय इंटेलचं सगळं एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर आहे. एएमडीचे कोअर एका तुकड्यावर, आणि मेमरी व पीसीआयई (ग्राफिक्स कार्डाला जोडणारा रस्ता) सांभाळणारा भाग दुसऱ्यावर. मेमरीपर्यंत पोचायला एएमडीला दोन पावलं जास्त पडतात, मोठी कॅश ती भरून काढते. १२४००एफमध्ये ते वीज वाचवणारे छोटे 'ई-कोअर' नाहीत, सहाही मोठेच. मला तर ते बरंच वाटतं. विंडोजने कुठलं काम कुठल्या कोअरवर टाकलं याची भानगडच नाही.

आता बोर्डाकडे. माझं बी४५० सहा वर्षांपूर्वीचं आहे, आणि त्यावर २०२२ चा प्रोसेसर चालतो हीच एएमडीच्या एएम४ ची, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या सॉकेटची, खरी कमाई. २०१७ पासून तेच सॉकेट. मात्र बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, आधी अपडेट करायचा, तोही जुना प्रोसेसर जागेवर असताना. बी४५० च्या बऱ्याच बोर्डांवर बायोसची चिप फक्त १६ एमबीची होती, म्हणून कंपन्यांनी नव्या प्रोसेसरना जागा करायला काही जुन्यांचा आधार काढून टाकला. एमएसआयने तर बायोसचा दिखाऊ चेहराही साधा करून टाकला होता, आणि पुढे ३२ एमबी चिपची 'मॅक्स' बोर्डं आणली. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, बोर्डाच्या साइटवरची आपल्याच मॉडेलची फाइल घ्या, आणि यूपीएस नसेल तर वादळी पावसाच्या दिवसांत या भानगडीत पडू नका. आमच्याकडे मे महिन्यातल्या वावटळीत लाइट कधी जाईल याचा नेम नसतो.

प्रोसेसर बदलल्यावर पहिल्याच बूटला पडद्यावर एक सूचना येते: नवा प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षा-किल्ल्यांची तिजोरी) रीसेट करायचं का, वाय की एन. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, मगच वाय दाबा. घरच्या लॅपटॉपवर बिटलॉकर बहुतेक चालूच असतो, असेंबल केलेल्या पीसीवर सहसा नसतो, तरी बघून घ्या.

कूलर काढतानाही एक गोष्ट. एएम४ च्या प्रोसेसरला खाली पिना असतात. कूलरखाली लावलेली थर्मल पेस्ट वाळली की तो कूलरला चिकटून सॉकेटमधून तसाच उपटून येतो, आणि पिना वाकल्या की संपलं. पीसीवर दहा-पंधरा मिनिटं काहीतरी जड चालवायचं, पेस्ट गरम करून मऊ करायची, मग बंद करून कूलर डावीउजवीकडे हळूहळू फिरवत उचलायचा. सरळ वर ओढायचा नाही. १२४००एफच्या एलजीए१७०० वर पिना सॉकेटमध्ये असतात, तिथे हा धोका नाही. पण तिथे जुने कूलर बसत नाहीत. भोकांमधलं अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर झालंय, आणि प्रोसेसरची उंचीही थोडी कमी. पुतण्याला मी माझा पडून असलेला टॉवर कूलर द्यायला निघालो होतो, तर आधी वेगळी पट्टी मागवावी लागली.

रॅमबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण लोक पाच हजारांचा प्रोसेसर-फरक चघळत बसतात आणि इथे फुकटचं सोडून देतात. इथे नागपुरात बर्डीवरच्या दुकानांत नव्या पीसीचं कोटेशन मागितलं की पहिल्या कागदावर हमखास १६ जीबीची एकच स्टिक असते. 'पुढे वाढवता येईल भाऊ' हे त्याचं कारण. एका स्टिकवर मेमरीचा रस्ता निम्मा होतो. खेळात सेकंदाला दिसणाऱ्या सरासरी फ्रेम बऱ्या दिसतात, पण गर्दीच्या ठिकाणी खाली जे झटके बसतात ते तिथूनच येतात. आठ-आठच्या दोन घ्या, आणि दुसऱ्या व चौथ्या खाचेत लावा.

दुसरं, एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग. ३२०० ची रॅम बायोसमध्ये हात न लावता २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालत राहते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की वेग दिसतो. आजच बघा, निम्म्या वाचकांना तिथे धक्का बसेल. ५६०० ला ३६०० चा वेग सर्वात मानवतो, कारण तेव्हा आतले तुकडे जोडणारी इन्फिनिटी फॅब्रिक १८०० वर आणि मेमरी तिच्याशी एकास एक चालते. १२४००एफचं तसं नाही. मल्टिप्लायर बंद असलेल्या या चिपवर सिस्टम एजंटचं, म्हणजे मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं, व्होल्टेज वाढवता येत नाही, त्यामुळे गियर १ मध्ये (तो भाग मेमरीच्याच वेगाने चालतो तेव्हा) ३२०० निवांत, ३४६६ च्या आसपास ठीक, आणि ३६०० म्हणजे नशिबाचा भाग. पुतण्याच्या मशीनवर ३६०० ला बूटच होईना, ३४६६ वर मात्र मेमटेस्ट (रॅमची चाचणी) रात्रभर स्वच्छ गेली. इंटेलसाठीचं स्वस्तातलं एच६१० बोर्ड घेणाऱ्यांनी तर ३२०० च्या वरचा विचारच सोडावा, ते बोर्ड त्यापुढे जात नाही.

रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग, दोन्हीकडे चालू करून घ्या, आरएक्स ६६०० ला त्याचा फायदा होतो. त्यासाठी बायोसमधलं सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद आणि डिस्कची मांडणी नव्या जीपीटी पद्धतीची हवी. विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेलं असेल तर एमबीआर२जीपीटी ही विंडोजचीच आज्ञा काम करते. हे करताना सिक्युअर बूटही (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सेटिंग) लावून टाका. पुतण्याचं अर्धं आयुष्य व्हॅलोरंटमध्ये जातं, आणि विंडोज ११ वर त्या खेळाचं चीटिंग रोखणारं व्हॅनगार्ड टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतं.

टीपीएमचा विषय निघालाच आहे तर: रायझनवर एफटीपीएम चालू असताना अधूनमधून आवाज आणि चित्र क्षणभर अडकायचं. एएमडीने मार्च २०२२ मध्ये ते मान्य केलं आणि बायोसमधल्या आपल्या एजीसा या कोडच्या १.२.०.७ आवृत्तीत दुरुस्ती दिली. अजून कुणाला तसं होत असेल तर त्याचा बायोस जुना आहे, प्रोसेसरला शिव्या देऊ नका.

आता खेळ. १०८०पी रिझोल्यूशनवर, सेटिंग हाय. सायबरपंक २०७७, फोर्झा होरायझन ५, रेड डेड रिडेम्प्शन २ या तिन्हींत दोन्ही मशीनवर कार्ड ९८-९९ टक्क्यांवर टेकलेलं. म्हणजे प्रोसेसर दोघांचेही रिकामे बसलेत आणि तुम्ही कार्डाची परीक्षा घेताय. फ्रेमचा आकडा दोन-तीन इकडे-तिकडे, तो तर एकाच मशीनवर दोनदा चालवलं तरी बदलतो. पडदा १४४० चा असेल तर हा सगळा वादच निकालात निघतो.

प्रोसेसर बघायचा तर कार्डावरचं ओझं काढावं लागतं. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सगळं लो केलं तेव्हा कुठे दोघांतला फरक दिसू लागला. तोही एका दिशेला नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये ५६०० थोडा पुढे, व्हॅलोरंटमध्ये इंटेल. दोन्हीकडे आकडा माझ्या १६५ हर्ट्झच्या मॉनिटरच्या बराच वर, त्यामुळे डोळ्याला काही कळत नाही. बाल्डर्स गेट ३ चा तिसरा अंक ही मात्र खरी कसोटी. शहरात शिरलं की कार्डाचा आकडा खाली येतो आणि प्रोसेसर धापा टाकतो. दोघंही टाकतात. माझा २६०० तिथे अक्षरशः रांगत होता, कारण त्याचे सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत, आणि प्रत्येक गटाला ८ एमबीच कॅश. ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच ३२ एमबीवर बसतात. २६०० वरून येणाऱ्याला जे सुख मिळतं ते इथलं आहे. ५६०० आणि १२४००एफमधला फरक त्यापुढे किरकोळ.

माझ्या बोर्डाची एक मर्यादा सांगायला हवी. आरएक्स ६६०० पीसीआयईच्या आठच लेन (मार्गिका) वापरतं, आणि बी४५० वर त्या पीसीआयई ३.० च्या. बी६६० वर ४.० मिळतात. एरवी फरक जाणवत नाही. पण टेक्स्चर अल्ट्रावर नेऊन कार्डाची ८ जीबी मेमरी भरली, की जास्तीचा माल याच रस्त्याने ये-जा करतो, आणि तिथे माझं मशीन पुतण्याच्या मशीनपेक्षा जास्त अडखळतं. टेक्स्चर एक पायरी खाली घेतलं की प्रश्न मिटतो. पण चार लेनचं आरएक्स ६५०० एक्सटी कुणी जुन्या बोर्डावर लावणार असेल तर त्याला हात जोडून सांगा, नको.

नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या सर्वात तापत्या नऊ दिवसांत, दोन्ही मशीन बघायला मिळाली हे बरं झालं. बाहेर ४५, खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावूनही दुपारी तेहतीस-चौतीस. ५६०० सोबत येणारा रेथ स्टेल्थ म्हणजे ॲल्युमिनियमची छोटी चकती आणि वर पंखा. खेळताना भागतं, पण व्हिडिओ रेंडरला लावलं की तापमान ऐंशीच्या वर आणि आवाज मिक्सरसारखा. इथे ५६०० चा एक गुण कामाला आला: तो खुला आहे, सेटिंगशी खेळू देतो. कर्व्ह ऑप्टिमायझर या व्होल्टेज कमी करणाऱ्या सेटिंगमध्ये सगळ्या कोअरना उणे २० दिलं, तापमान उतरलं आणि वेग उलट थोडा वाढला. १२४००एफला असं काही करता येत नाही, पण तशी त्याला गरजही कमी. कागदावर कमाल ११७ वॉट लिहिलंय, प्रत्यक्षात सगळे कोअर ४ गिगाहर्ट्झवर चालवले तरी तो त्याच्या बराच खाली राहतो. त्याच्या कूलरच्या त्या ढकलून बसवायच्या खिळ्या मात्र मला कधीच आवडल्या नाहीत. चारपैकी एक अर्धवट बसतेच. बोर्ड केसमध्ये टाकण्याआधी उलटं करून चारही पाय बघा.

रिकाम्या वेळी इंटेल स्वस्तात पडतो. दोन तुकड्यांच्या रचनेमुळे रायझन नुसता बसला असतानाही काही वॉट जास्त खातो. दिवसभर ब्राउझर, एक्सेल, यूट्यूब आणि रात्री तासभर खेळ, असा वापर असेल तर महावितरणच्या बिलात तेवढा थोडासा फरक पडतो. प्रोसेसर बदलावा एवढा नाही.

रोजच्या वापरात मला जास्त खटकतं ते 'एफ' अक्षर. ५६०० आणि १२४००एफ, दोघांतही ग्राफिक्स नाही. कार्ड दुरुस्तीला गेलं की पीसी मुका. साधा १२४०० घेतला तर त्यात यूएचडी ७३० येतं, त्यातल्या क्विकसिंक या व्हिडिओसाठीच्या खास भागामुळे व्हिडिओ कापाकापीही हलकी होते. पुतण्याच्या वेळी तो दुकानात नव्हता, असता तर थोडे जास्त मोजून तोच घेतला असता. एएमडीकडे ५६००जी आहे, पण त्याची एल३ कॅश १६ एमबीच आणि पीसीआयईही ३.०, त्यामुळे पुढे कार्ड लावणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

मग कुणी काय घ्यावं? घरात बी४५० किंवा बी५५० आणि डीडीआर४ रॅम असेल तर ५६०० टाका आणि दुसरं काही बघू नका. २०२५ च्या शेवटी रॅमच्या किमती जशा चढल्या, त्यानंतर हातातली डीडीआर४ टाकून देणं मला तरी जमलं नसतं. शून्यापासून करायचं असेल आणि बजेट ताणलेलं असेल तर १२४०० आणि चांगलं बी६६० किंवा बी७६०, डीडीआर४ वालं. त्याच सॉकेटवर १३ व्या-१४ व्या पिढीचे प्रोसेसर बसतात. त्या पिढ्यांतल्या वरच्या मॉडेलांना व्होल्टेजचा जो आजार निघाला तो १२ व्या पिढीला नाही. मात्र सेकंडहँड १३ वी-१४ वी घेणार असाल तर बायोस अद्ययावत करून मगच वापरा. आणि पाच-सहा वर्षं पुढचं बघत असाल, खिसाही परवानगी देत असेल, तर या दोघांनाही सोडून एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर जा. तिथे डीडीआर५ सक्तीची आहे, म्हणून सध्या महाग पडतं, पण प्रोसेसर बदलायची वाट मोकळी राहते.

पुतण्या त्याचं मशीन पुढच्या आठवड्यात अमरावतीला घेऊन जातोय, सोबत त्याचं स्वतःचं कार्डही आलंय. माझ्याकडे आता कर्व्ह ऑप्टिमायझर एकेक कोअरला वेगळं लावायचं काम उरलंय. सगळ्यांना उणे ३० दिलं तर मशीन रिकामं असतानाच रीस्टार्ट होतं, म्हणजे एखादा कोअर हट्टी आहे. तो कोणता हे कोअरसायकलर या एकेक कोअर तपासणाऱ्या प्रोग्रामने शोधतोय. आणि १२४००एफवर ३६०० गियर १ कुणाकडे टिकून चालत असेल तर बोर्ड कोणतं आणि रॅमवर चिप कोणाच्या ते सांगा, पुतण्या जायच्या आधी एकदा करून बघतो.