बॉस्टनहून: अ‍ॅप्टॅमर निवडताना घोडं कुठे अडतं

ठरावीक रेणूलाच नेमके चिकटणारे आरएनएचे तुकडे, म्हणजेच अ‍ॅप्टॅमर (ते डीएनएचेही असतात), एलिंग्टन आणि शोस्टाक यांनी 1990 साली इथल्याच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये वेगळे काढले. त्याच वर्षी कोलोरॅडोत ट्युर्क आणि गोल्ड यांनीही तेच साधलं आणि पद्धतीला सेलेक्स नाव दिलं. यात असंख्य वेगवेगळे तुकडे हव्या त्या प्रोटीनबरोबर मिसळायचे, चिकटतील तेवढे ठेवून त्यांच्या प्रती काढायच्या आणि पुन्हा मिसळायचे; ही झाली एक फेरी. भारतातून पीएचडीला येणाऱ्या मुलांना वाटतं, दहा-बारा फेऱ्या मारल्या की काम फत्ते. फेऱ्या मोजून काही होत नाही.

लायब्ररीत, म्हणजे सुरुवातीच्या डीएनए तुकड्यांच्या साठ्यात, प्रत्येक तुकड्यात मधे 40 बेसचा (ए, सी, जी, टी ही डीएनएची अक्षरं) रँडम भाग आणि दोन्ही टोकांना प्रायमरच्या (प्रती काढायला सुरुवात करून देणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या) 20-20 बेसच्या जागा. ऑर्डर देताना 'बेस हाताने मिसळून' असं सांगायचं. समसमान मिसळले तर जी आणि टी जास्त भरतात, म्हणून ए, सी, जी, टी यांचं प्रमाण 1.5 : 1.5 : 1 : 1.2 ठेवतात. 1 नॅनोमोलमध्ये सुमारे 600 लाख कोटी रेणू येतात.

डीएनए 95 अंशांवर 5 मिनिटं, बर्फात 10 मिनिटं, मग मॅग्नेशियमच्या बफरमध्ये. प्रोटीनआधी रिकाम्या बीड्सवरून (प्रोटीन ज्यांवर बसवतात त्या बारीक मण्यांवरून) फिरवायचाच. हिस-टॅगचं (निकेलला धरणारी शेपटी जोडलेलं) प्रोटीन निकेल बीड्सवर असेल तर हे टाळून चालतच नाही. नाहीतर बीड्सना चिकटणारेच पुढे सरकतात आणि सहाव्या फेरीत रिकव्हरी (चिकटून परत मिळालेल्या डीएनएचं प्रमाण) वाढली म्हणून लोक पेढे वाटतात.

खरी गोची पीसीआरची, म्हणजे चिकटलेल्या डीएनएच्या प्रती काढण्याची. दर फेरीला आधी छोटी चाचणी घ्या: सहाव्या सायकलपासून (दर सायकलला प्रती साधारण दुप्पट होतात) दर दोन सायकलींनी 5 मायक्रोलिटर काढून जेलवर चालवा, म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे दिसतात. योग्य लांबीचा बँड स्वच्छ दिसला की तिथेच थांबा. जादा सायकली झाल्या, प्रायमर संपत आले की रँडम भाग एकमेकांनाच बिलगतात आणि वरच्या बाजूला धुरकट पट्टा येतो. असा बिघडलेला पूल (त्या फेरीचा डीएनए साठा) सुधारत बसू नये. मागच्या फेरीचा राखून ठेवलेला भाग काढावा. तो उणे 20 ला ठेवायचा कंटाळा करणाऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पुढे प्रोटीन कमी करत न्यायचं, धुणं वाढवायचं. निदानाच्या किटसाठी शेवटच्या फेऱ्या सीरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव) घालूनच करा. नुसत्या बफरमध्ये झकास चिकटणारे सीरममध्ये सपशेल नापास होतात.

औषधाचं गणित वेगळं. साधा आरएनए रक्तात मिनिटांत तुटतो, म्हणून 2'-फ्ल्युरो न्यूक्लिओटाइड (साखरेवर फ्लोरिन असलेले आरएनएचे घटक) घालतात. मूत्रपिंडातून गळू नये म्हणून पेग (पॉलिइथिलीन ग्लायकॉलची लांब साखळी) जोडतात. अमेरिकेत मंजुरी मिळालेली अ‍ॅप्टॅमरची मॅक्युजेन (2004) आणि इझरव्हे (2023) ही दोन्ही औषधं थेट डोळ्यात टोचायची आहेत. तिथे डोसही थोडा लागतो आणि औषध टिकतंही.