१२ बाय ८ फुटांचं अंगण, ११ गुलाब: एका वर्षाची नोंद

गेल्या ऑक्टोबरात लावलेल्या ११ झाडांपैकी ८ राहणार, ३ निघणार. निघणाऱ्या तिघांतलं एकही मेलेलं नाही, आणि एक तर अंगणातलं सगळ्यात धष्टपुष्ट झाड आहे. तरी ती का निघतात हे नीट लिहायचं आहे, कारण नागपुरात लहान जागेसाठी गुलाब निवडताना सगळी चूक जानेवारीत होते. रात्री १०-१२ अंश आणि दुपारी २८ अंश अशा हवेत नर्सरीत उभी असलेली कुठलीही जात देखणीच दिसते. जात निवडायची ती मे आणि ऑगस्टकडे बघून: ४५ अंशांवर कळी उमलते का, आणि पंधरा दिवसांच्या झडीत पानं टिकतात का.

जागा

घराचं तोंड पूर्वेला. ऊन सकाळी सातपासून दुपारी साधारण एकपर्यंत, नंतर घराचीच सावली. गुलाबाला सहा तास ऊन पुरतं, म्हणून नागपुरात याहून चांगली दिशा नाही. पश्चिमेला तोंड असलेल्या अंगणाचं गणित वेगळं. तिथे कंपाउंडची भिंत दुपारभर तापते आणि रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते. तिथे झाड भिंतीपासून दोन फूट तरी लांब हवं, एप्रिलपासून ५० टक्क्यांची हिरवी जाळी हवी, आणि गडद लाल हायब्रिड टीचा (देठाला एकेक मोठं फूल देणारा प्रकार) विचारच नको.

माती आपली नेहमीची काळी. फूटभर खोल खड्डा खणून दोनदा पाण्याने भरला. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी सकाळीही तसंच होतं. अशा जमिनीत नुसता खड्डा करून चांगली माती भरली, तर पावसाळ्यात त्या खड्ड्याचं टाकं होतं आणि मुळं कुजतात. म्हणून जमिनीवर ९ इंच उंच वाफा केला. मिश्रण घमेल्याच्या मापाने: काळी माती २, कन्हान नदीची जाडी रेती १, कुजलेलं शेणखत २. शिवाय प्रत्येक झाडाला २०० ग्रॅम निंबोळी ढेप आणि १०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट. हाडांचा चुरा मुद्दाम टाळला. त्यातला स्फुरद (फॉस्फरस) आम्लधर्मी मातीतच सुटतो. आपली माती चुनखडीची, सामू (पीएच) ८ च्या आसपास, त्यात तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो.

मांडणी

ऊन पूर्वेकडून येतं, म्हणून उंच झाडं घराच्या बाजूला, बुटकी फाटकाकडे. ओळी अडीच फुटांवर. मागे क्वीन एलिझाबेथ १, ग्लॅडिएटर २, लँडोरा १. मध्ये आइसबर्ग २, डबल डिलाइट १, पापा मेइलाँ १. पुढे द फेअरी २ आणि दिल्ली प्रिन्सेस १. पुढच्या ओळीत तीनच, कारण फेअरी दोन फूट उंच असली तरी तीन फूट पसरते.

रोपं कोलकात्याची. त्यांच्या मुळांभोवती विटेसारख्या घट्ट मातीचा गोळा असतो. तो तसाच पुरला की पाणी बाजूच्या भुसभुशीत मातीतून निघून जातं आणि गोळा आतून कोरडाच राहतो. दीड महिन्याने झाड वाळतं आणि दोष उन्हावर जातो. गोळा अर्धा तास बादलीत बुडवून ठेवायचा, बाहेरची इंचभर माती बोटांनी सोडवायची, मग लावायचा. डोळा भरलेली गाठ, म्हणजे जंगली खुंटावर चांगल्या जातीचं कलम जिथे बांधलेलं असतं ती जागा, मातीच्या दोन इंच वर. इथे बर्फ पडत नाही, गाठ पुरायचं काहीच कारण नाही. वर असली की खुंटाचा फुटवा लगेच दिसतो. सात पानांचा फुटवा म्हणजे खुंटाचा, हा समज सोडून द्यावा. सात पानं चांगल्या जातीलाही येतात. फुटवा गाठीच्या खालून निघाला की वरून, एवढंच बघायचं. खालचा असेल तर माती सरकवून मुळापासून ओढून काढायचा. कात्रीने कापला तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून त्याच जागी तीन येतात.

डिसेंबर ते फेब्रुवारी

पहिला बहर सगळ्यांचा छान. पापा मेइलाँचा (१९६३ ची जात) वास फाटकापर्यंत. पण थंड रात्री आणि कोरडे दिवस म्हणजे भुरीचं (पांढऱ्या बुरशीचं) हवामान, आणि ती पहिल्यांदा आली याच झाडावर: कळीच्या देठावर पांढरी पूड, कोवळी पानं आत वळलेली. विद्राव्य गंधक लिटरला २ ग्रॅम, दहा दिवसांनी दोनदा, तेव्हा आटोक्यात आली. हे फेब्रुवारीपर्यंतच. पारा ३२ च्या वर गेला की गंधकाने पानं भाजतात.

डबल डिलाइट (१९७७) लावणाऱ्यांनी एक गोष्ट जवळून बघावी. उमलताना फूल मलईच्या रंगाचं असतं, लाली फक्त काठाला. ऊन लागत जातं तशी ती लाली पाकळीवर खाली उतरते, आणि ज्या पाकळीवर दुसरी पाकळी टेकलेली असते तिथे मलईचा डाग तसाच राहतो. हा रंग उजेडाने येतो, म्हणून हे झाड पोर्चच्या सावलीत लावण्यात अर्थ नाही.

एप्रिल, मे

इथे खरी निवड झाली. गडद पाकळी उष्णता जास्त शोषते. पापा मेइलाँच्या कळ्या सकाळी सातला मखमली, अकराला काठ काळे, संध्याकाळी जळक्या कागदासारख्या. ग्लॅडिएटरचा (१९५५) लाल त्याहून उजळ. फूल लहान झालं, दोन दिवसांत गळलं, पण जळलं नाही. महाराष्ट्रात फुलशेतीवाल्यांनी ही जात इतकी वर्षं का धरून ठेवली, ते मे महिन्यात समजतं. आइसबर्ग (१९५८) आणि फेअरी (१९३२) थांबल्याच नाहीत. फेअरीचा गुलाबी रंग उन्हाने जवळजवळ पांढरा होतो, ते चालवून घ्यावं. गुलाबाच्या जाती तयार करणारे कृषिशास्त्रज्ञ बी. पी. पाल यांची दिल्ली प्रिन्सेस (१९६३) दिल्लीच्या उन्हात तयार झालेली आहे. गडद गुलाबी घोस बारीक झाले, तरी येत राहिले.

मेमध्ये हायब्रिड टीच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडल्या. त्या उन्हात फूल असंही पूर्ण होत नाही आणि झाडाची ताकद वाया जाते. छाटणी मात्र अजिबात नाही. उघडी पडलेली फांदी उन्हाने भाजते आणि तिथून डायबॅक (फांदी टोकाकडून खाली वाळत जाणं) सुरू होतो. पाणी सकाळी सातच्या आत, झाडामागे रोज ८ लिटर. वर सोयाबीनच्या कुटाराचा तीन इंच थर, खोडापासून तीन इंच सोडून, नाहीतर वाळवी लागते.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी गुलाबाला घालायचं नाही. घरोघरी हे होतं आणि घालणाऱ्याला वाटतं पाणी वाचलं. कूलर पाण्याची वाफ करतो, क्षार मागेच राहतात. ताट्यांवर जो पांढरा खर धरतो तोच त्या पाण्यात विरघळलेला असतो. बोअरचं पाणी असेल तर अजून वाईट. एका कोपऱ्यातल्या लँडोराला दोन आठवडे हे पाणी मिळालं: आधी पानांचे काठ करपले, मग नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्व, संध्याकाळी फवारणी, दहा दिवसांनी परत. मातीतून लोह द्यायचं असेल तर चिलेट (झाडाला घेता येईल असं बांधून ठेवलेलं लोह) ईडीडीएचए प्रकारचंच घ्यावं. स्वस्त मिळणारं ईडीटीए आपल्या सामूच्या मातीत टिकत नाही.

जुलै ते सप्टेंबर

काळे ठिपके. पिवळ्या गुलाबांच्या रक्तात रोझा फेटिडा हा जंगली पिवळा गुलाब आहे. पिवळा रंग तिथूनच आला आणि या रोगाची सवयही. पिवळी लँडोरा ऑगस्टअखेर पानं गळून अर्धी उघडी. मँकोझेब लिटरला २ ग्रॅम, झडीच्या आधी. पाऊस सुरू झाल्यावर मारलेलं औषध जुन्या ठिपक्यांवर काही करत नाही, ते फक्त नव्या पानाला वाचवतं. आइसबर्गलाही ठिपके आले, खालची पानं गळली, पण वरून तितक्याच वेगाने नवी आली. फेअरी जवळजवळ स्वच्छ.

क्वीन एलिझाबेथ (१९५४) सप्टेंबरात सात फुटांवर. एकही रोग नाही, काटे मोजके, फुलं मात्र सगळी डोक्याच्या वर, आणि शेजारच्या ग्लॅडिएटरची हवा अडलेली. आठ फुटांच्या अंगणात ही जात बसत नाही. मागच्या आवारात किंवा कुंपणाला तिच्यासारखी दुसरी नाही.

दुसरा ऑक्टोबर

निघतात: पापा मेइलाँ, लँडोरा, क्वीन एलिझाबेथ. पापा मेइलाँच्या जागी ग्रुस आन टेप्लिट्झ, १८९७ ची जात. फूल मान टाकतं, फुलदाणीत शोभत नाही, पण वास मसालेदार आणि उष्ण हवेत फुलण्याची सवय. लँडोराच्या जागी पालांचीच मृणालिनी (१९७२), गुलाबी. पिवळा रंग या अंगणापुरता सोडला. क्वीन एलिझाबेथची जागा रिकामीच. लहान अंगणात मोकळी हवा हे बुरशीनाशकाइतकंच कामाचं.

पावसाची उघडीप पक्की झाल्यावर आठवडाभर पाणी तोडलं. छाटणी १८ ऑक्टोबरला. ग्लॅडिएटर आणि डबल डिलाइट दीड फुटावर, तीन ते पाच जोमदार फांद्या ठेवून. आइसबर्गचा फक्त वरचा एक तृतीयांश. ती खोल छाटली की रुसते. फेअरीला नुसती कात्री फिरवली. काप बाहेरच्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरपा.

कापांना बोर्डो पेस्ट: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळे, मग एकत्र. घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर त्यात बुडवला तर तांबूस थर आला, म्हणजे मोरचूद मोकळं होतं. चुन्याची निवळी थोडी थोडी घालत गेलो; तिसऱ्या वेळी खिळा स्वच्छ निघाला, तेव्हा ब्रशने लावली.

नव्या फुटींवर आता मावा बघायचा. फुलं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यायला हवीत.